सिंगापूरमधील दीर्घ मुक्काम आणि हॉकर सेंटरमधील खाणे: सुरुवात कशी करावी?

रानजाई

नमस्कार. कार्यालयाच्या कामासाठी मी दीड वर्षाकरिता सिंगापूरला आले आहे. येऊन सात आठवडे झाले. त्यांपैकी पहिले पाच आठवडे मी घरच्या वरणभातावर आणि शनिवार-रविवारी लिटल इंडिया या भारतीय वस्तीतल्या सेरंगून रस्त्यावरील उपाहारगृहांतल्या डोशावर काढले. आमच्या इमारतीपासून चार मिनिटांवर मोठे हॉकर सेंटर, म्हणजे खाण्याच्या अनेक छोट्या स्टॉलचे एकत्र केंद्र आहे. बसथांब्याकडे जाताना रोज त्याच्या कडेने जात होते. पण आत गेल्यावर काय मागायचे आणि कसे मागायचे हेच ठाऊक नसल्यामुळे पाऊल आत वळत नव्हते.

दोन आठवड्यांपूर्वी एका सहकारी बाईंनी मला न्याहारीला तिथे नेले आणि काया टोस्ट खाऊ घातला. नारळाचे दूध, अंडी, साखर आणि पंदन नावाची सुगंधी पाने एकत्र आटवून केलेला तो हिरवट मुरंबा, कुरकुरीत पाव आणि लोण्याचा जाड काप, हे सारे मला इतके आवडले की दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. फलकावर ‘कॅरट केक’ असे लिहिलेले पाहून तो मागवला. समोर आले ते पांढऱ्या मुळ्याच्या आणि तांदळाच्या पिठाच्या वड्यांचे अंड्यात परतलेले तुकडे. गाजर त्यात औषधालाही नव्हते, पण पदार्थ चविष्ट होता. मी अंडी खाते, मांस-मासे खात नाही. अर्धी थाळी संपल्यावर सहज चौकशी केली, तेव्हा तो डुकराच्या चरबीत परतला होता असे समजले. चूक माझीच होती, मी आधी विचारायला हवे होते. तरीही दिवसभर मन अस्वस्थ राहिले.

एखाद्या गावात दीड वर्ष राहायचे आणि तिथली माणसे सकाळी काय खातात हे न कळताच परतायचे, हे मला पटत नाही. म्हणून येथील जाणत्या सभासदांना विचारते की आपण सुरुवात कशी केलीत, आणि आहाराचे नियम सांभाळून हे कसे साधता येते?

मेघश्याम

मी येथे नऊ वर्षे राहत आहे. आपण ज्याला हॉकर सेंटर म्हणतो ती व्यवस्था कशी उभी राहिली हे कळले, तर तिथे वावरणे सोपे जाते. पूर्वी हे सारे विक्रेते रस्त्याच्या कडेला हातगाड्यांवर बसत. सांडपाणी आणि स्वच्छतेचा प्रश्न गंभीर झाल्यावर सरकारने त्यांची नोंदणी केली आणि १९७१ पासून पुढची सुमारे पंधरा वर्षे नळ, गटारे व ओटे असलेली केंद्रे बांधून त्यांना तिथे हलवले. आज अशी शंभराहून अधिक केंद्रे आहेत, आणि डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. गाडीवाल्याचा एकच पदार्थ असे, तीच रीत पुढे राहिली. म्हणून आजही बहुतेक स्टॉलवर एखाद-दुसराच पदार्थ मिळतो आणि तो करणाऱ्याचा हात त्यावर वर्षानुवर्षे बसलेला असतो.

बसण्याची रीतही समजून घ्यावी. आधी जागा धरायची आणि मग रांगेत उभे राहायचे. टेबलावर कागदी रुमालाचे पाकीट ठेवलेले दिसले की ती जागा कोणीतरी धरली आहे, असे समजावे. याला येथे ‘चोप करणे’ म्हणतात. खाऊन झाल्यावर ताट उचलून मांडणीत ठेवणे सप्टेंबर २०२१ पासून सक्तीचे आहे. मांडणीवर हलाल आणि बिगर-हलाल असे वेगळे कप्पे असतात, त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये. मुस्लिम विक्रेत्यांच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची गोष्ट आहे.

माझा सल्ला एवढाच आहे की प्रसिद्ध ठिकाणांची यादी हाती घेऊन शहरभर फिरू नका. घराजवळचे एकच केंद्र धरा आणि महिनाभर तिथेच जा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी विक्रेता ओळखू लागतो, आणि मग ‘तुमच्यासाठी तेलात करून देऊ का’ असे तोच विचारतो. ही मंडळी एकमेकांना ‘अंकल’ आणि ‘आंटी’ म्हणतात. आपणही तसेच म्हणावे.

सम्यक

रानजाई यांच्या जिज्ञासेबद्दल आदर आहे, परंतु प्रश्नामागील गृहीतक मला मान्य नाही. परदेशी राहणाऱ्याने तिथले पदार्थ खाल्लेच पाहिजेत, नाहीतर त्याचे राहणे अपुरे, असा सूर अलीकडे फार ऐकू येतो. मी अंडीही खात नाही. ज्या कढईत आत्ता मांस परतले, तीच विसळून माझ्यासाठी भाज्या परतल्या तर त्या मला चालत नाहीत. मी सहा वर्षांत इथली उद्याने, ग्रंथालये आणि वस्त्या पायी पालथ्या घातल्या आहेत, इथल्या शेजाऱ्यांशी माझी मैत्री आहे, आणि हे सारे घरचा डबा खाऊन झाले आहे. शहराची ओळख केवळ जिभेवाटेच होते असे नाही.

उत्तरा

सम्यक, आपले म्हणणे योग्य आहे. तथापि आपल्या नियमांत पूर्णपणे बसणारे चिनी जेवण या शहरात आहे, हे कदाचित आपल्या पाहण्यात आले नसावे. बहुतेक मोठ्या केंद्रांत एखादा तरी बौद्ध शाकाहारी स्टॉल असतो. फलकावर दोन चिनी अक्षरे असतात, त्यांचा उच्चार साधारण ‘सू शी’ असा होतो. ती अक्षरे मोबाइलमध्ये जतन करून ठेवावीत म्हणजे लांबूनही ओळखू येतात. काही ठिकाणी शेजारी स्वस्तिकही रंगवलेले असते. तिथे मांसाचा संपर्कच नसतो, आणि पारंपरिक बौद्ध पद्धतीत कांदा आणि लसूणही वर्ज्य असतात. अंडी मात्र काही जण वापरतात, म्हणून तेवढे विचारून घ्यावे.

पौर्णिमेच्या सुमारास अशा स्टॉलवर नेहमीपेक्षा मोठी रांग का दिसते, हे मला वर्षभर उमगले नव्हते. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक चिनी बौद्ध शाकाहार पाळतात, हे पुढे एका आजींनी सांगितले. आपल्याकडे एकादशीला आणि चतुर्थीला चालते तसेच हे आहे, हे कळल्यावर त्या रांगेत उभे राहताना मला परके वाटेनासे झाले.

वॉटर्लू रस्त्यावर क्वान इमचे, म्हणजे करुणेच्या देवीचे मोठे मंदिर आहे आणि त्याला लागूनच श्रीकृष्णाचे मंदिर आहे. चिनी भाविक एका ठिकाणी दर्शन घेऊन दुसऱ्या दारातही उदबत्ती लावतात. तिथून जवळच फॉर्च्यून सेंटर नावाची जुनी इमारत असून तिच्यात अनेक शाकाहारी खानावळी आहेत. प्रथम तिथे जाऊन शाकाहारी बी हून, म्हणजे तांदळाच्या बारीक शेवया घ्याव्यात. त्यांवर सोयाच्या दुधावरची साय तळून ठेवलेली असते. ‘लेइ चा’ हा हाक्का या चिनी समाजाचा भातही मागून पाहावा. बारीक चिरलेल्या पालेभाज्या, टोफू आणि भाजलेले शेंगदाणे भातावर घालून, त्यावर हिरवा चहा व सुगंधी पाने वाटून केलेला कढ ओततात. पहिला घास कडवट लागतो, तिसऱ्या घासाला तो कडवटपणाच हवासा वाटतो. इतर ठिकाणी मात्र यात वाळवलेल्या बारीक मासळ्या घालतात, तेवढे ध्यानात ठेवावे.

खाडीवरचा

माझे मूळ गाव मालवणजवळ आहे, त्यामुळे माझी अडचण रानजाई यांच्या नेमकी उलट होती. आल्या दिवसापासून मला हे शहर ओळखीचे वाटले आणि त्याचे कारण वास हे होते. येथे ज्याला बेलाचान म्हणतात तो जवळ्यासारख्या अगदी बारीक कोळंबीला मीठ लावून, आंबवून, वाळवून केलेला गोळा असतो. तो भाजायला घेतला की जो वास सुटतो, तो ज्याने लहानपणी मे महिन्यात अंगणात जवळा वाळताना पाहिला आहे, त्याला समजावून सांगावा लागत नाही. हाच बेलाचान मिरचीबरोबर वाटला की संबल तयार होते.

नासी लेमाक हा मलाय लोकांचा न्याहारीचा भात आहे. भात नारळाच्या दुधात पंदन घालून शिजवतात आणि सोबत संबल, तळलेल्या सुक्या मासळ्या, शेंगदाणे, काकडी व अंडे देतात. सुकी मासळी, नारळ आणि भात यांचे हे नाते आमच्या किनाऱ्यावरही आहे, फक्त आमच्याकडे ते सोलकढीच्या बाजूने जाते आणि यांच्याकडे मिरचीच्या बाजूने.

मात्र मला सर्वाधिक भिडला तो पाकट हा चपटा मासा. आमच्याकडे पाकटाला सुरमई-पापलेटाचा मान नाही. पाहुण्यांना तो वाढत नाहीत, घरातली माणसे मात्र आवडीने खातात. येथे त्याचा मोठा तुकडा केळीच्या पानावर ठेवतात, त्यावर जाड संबल पसरतात, तव्यावर भाजतात आणि इवलेसे हिरवे लिंबू पिळून देतात. पान करपल्याचा वास मासळीत उतरतो. पहिल्यांदा तो खाल्ला तेव्हा मी आईला तिथूनच दूरध्वनी केला. ‘पाकटाला एवढा मान?’ असे म्हणून ती किती वेळ हसत होती.

शाकाहारी वाचकांसाठी महत्त्वाची सूचना अशी की संबल दिसायला मिरचीच्या ठेच्यासारखे असले, तरी त्यात बहुधा बेलाचान असतेच. पालेभाजी मागवली आणि ती संबलमध्ये परतली, तर ती शाकाहारी राहत नाही. कांगकाँग, म्हणजे आपल्या नाळीच्या भाजीच्या बाबतीत हे हमखास घडते.

केवडा

पाकटाचे वर्णन वाचून आज घरी काय शिजवावे हा प्रश्न सुटला. भायखळ्याच्या बाजारात जाते.

पाटीपेन्सिल

रानजाई यांच्या मूळ लेखातील एका वाक्याला हरकत घ्यावीशी वाटते. सेरंगून रस्त्यावर खाणे म्हणजे जणू इथले न खाणे, असा अर्थ त्यातून निघतो. लिटल इंडियातील तेका सेंटरच्या तळमजल्यावर जे मिळते, त्यातील बरेचसे भारतात कुठेही मिळत नाही. इंडियन रोजाक घ्या. पिठाचे, बटाट्याचे, कोळंबीचे तळलेले वडे आपण काचेच्या कपाटातून निवडायचे, मग ते कापून गोड-तिखट लालसर आमटीबरोबर देतात. विकणारे तमिळ मुस्लिम, नाव मलाय, आणि पदार्थ इथला. माशाच्या डोक्याची आमटी १९४९ च्या सुमारास केरळातून आलेल्या एका गृहस्थांनी येथे प्रथम विकली, असे सांगितले जाते. चिनी गिऱ्हाइकांना माशाचे डोके प्रिय, हे त्यांनी हेरले होते. रोटी पराठ्याची लाटी हवेत फिरवून ताणतात आणि घडी घालून भाजतात. दक्षिणेतील परोट्याशी तिचे गोत्र जुळते, पण सकाळी सात वाजता चिनी, मलाय आणि भारतीय शेजारी शेजारी बसून ती खात असतात, हे दृश्य इथलेच. शाकाहारी मंडळींनी तिच्यासोबत डाळ मागावी, कारण न सांगता दिली जाणारी आमटी बहुधा मासळीची किंवा मटणाची असते.

तेका हे नावसुद्धा होक्कियन बोलीतले असून त्याचा अर्थ ‘लहान बांबूंच्या पायथ्याशी’ असा होतो. ज्या जागेचे नावच चिनी आहे तिला आपण ‘आपली’ म्हणतो आणि पलीकडच्या केंद्राला ‘त्यांचे’ म्हणतो, या विभागणीत फारसे तथ्य नाही.

रानजाई

पाटीपेन्सिल, आपली हरकत मान्य आहे. मी तेकाला पाच-सहा वेळा गेले, पण प्रत्येक वेळी इडली-डोशाच्या पलीकडे पाहिलेच नाही. या रविवारी रोजाक घेईन आणि कोळंबीचे वडे वगळून निवडीन.

सुमनताई

मी नाशिकची. लेकीच्या बाळंतपणासाठी चार महिने येथे आले होते. लेक-जावई कामात, मी दुपारी बाळ झोपल्यावर लेकीला सांगून खाली उतरत असे. भाषा येत नव्हती. समोरच्या स्टॉलवर माझ्याच वयाच्या चिनी बाई एका मोठ्या पातेल्यातून काहीतरी पिवळे, दाट, गोड वाढत असत. मी बोट दाखवले आणि घेतले. ती चक्क मुगाची डाळ होती! सालीविना, अख्खी राहील इतपतच शिजवलेली, पाकात दाट केलेली, आणि वर तळलेल्या पिठाच्या काडीचे तुकडे. त्याला तौ सुआन म्हणतात, हे लेकीने नंतर सांगितले. त्यानंतर आठवड्यातून तीनदा मी तिथे जात होते. त्या बाई मला पाहिल्याबरोबर वाटी भरायला घेत आणि बाळाचे हातवारे करून विचारत की कसे आहे.

दुसरा पदार्थ म्हणजे तुतु क्वे. तांदळाचे कोरडे पीठ फुलाच्या आकाराच्या छोट्या साच्यात भरतात, मध्ये गुळात घोळलेले खोबरे किंवा शेंगदाण्याचा कूट ठेवतात आणि वाफवतात. आमच्या घरी गणपतीला उकडीचे मोदक होतात, त्यामुळे आतले सारण जिभेला लगेच ओळखीचे वाटले. वरचे आवरण मात्र उकडीसारखे लवचीक नसून हलके आणि भुसभुशीत असते. ओंदे ओंदे हे गोळे तर याच्या उलट, चिकट पिठाचे असतात. आत पातळ गूळ, बाहेर ओले खोबरे. एका घासात तोंडात टाकावे लागतात, अर्धा चावला तर गूळ हनुवटीवर येतो.

माडबन

सुमनताई, तो गूळ नारळाच्या माडाचा आहे. फुलोऱ्यातून काढलेला रस आटवून तो करतात आणि त्याला येथे गुला मेलाका म्हणतात. माझे आजोळ गोव्यात सासष्टीला आहे; आमच्याकडे माडाचा काळा गूळ नाताळातल्या दोदोलसाठी हमखास आणतात. येथे गेलांग सेराय भागात मलाय विक्रेत्यांकडे तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि हाच गूळ तासन्‌तास ढवळून केलेली तशीच वडी मिळते, आणि तिचे नावही दोदोलच आहे. आजच्या मलेशियातील मलाक्का हे बंदर १५११ पासून १६४१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होते आणि गोव्याशी त्याची सतत ये-जा असे. नाव कोणी कोणाकडून घेतले याचा निवाडा मी करणार नाही, पण पहिल्यांदा तो फलक वाचला तेव्हा मी रस्त्यातच थांबले होते.

कोकणातील मंडळींनी पुतु मायमही खाऊन पाहावे. तांदळाच्या वाफवलेल्या शेवया असतात, सोबत ओले खोबरे आणि साखर. आमच्या शिरवाळ्यांना नारळाचा गोड रस लागतो, येथे तो नसतो. मी घरी आणून रस करून त्यात बुडवते.

दुपारचा_चहा

कोणी कॉफीबद्दल लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. नुसते ‘कोपी’ म्हटले तर घट्ट गोड दूध घातलेली मिळते. ‘कोपी ओ’ म्हणजे बिनदुधाची, पण साखरेची. ‘कोपी सी’ म्हणजे आटवलेल्या बिनसाखरेच्या दुधाची, वर साखर घातलेली. ‘कोसोंग’ हा मलाय शब्द असून त्याचा अर्थ रिकामे. तो जोडला की साखर वगळतात. ‘सिउ दाय’ म्हणजे गोड कमी, आणि ‘पेंग’ म्हणजे बर्फ घालून. कोपीच्या ऐवजी ‘तेह’ म्हटले की हेच सारे चहाला लागू होते. कॉफीच्या बिया साखर आणि मार्गारीन घालून भाजतात, म्हणून तिचा रंग आणि कडवटपणा आपल्या फिल्टर कॉफीपेक्षा निराळा असतो. मी मधुमेही असल्याने ‘कोपी सी कोसोंग’ हे तीन शब्द सर्वप्रथम पाठ केले.

नव्याने_आलेला

मिशेलिन या खाद्यमार्गदर्शिकेचा तारा मिळालेल्या हॉकर स्टॉलवर आधी जावे, असे मला मित्राने सांगितले आहे. ते कितपत योग्य?

मेघश्याम

२०१६ मध्ये दोन हॉकर स्टॉलना तसा तारा मिळाला, हे खरे आहे. त्यांपैकी सोया सॉसमधील कोंबडीचा स्टॉल चायनाटाउन कॉम्प्लेक्समध्ये होता, आणि २०२१ मध्ये त्याचा तारा गेला. हौस म्हणून अवश्य जावे. परंतु त्याच इमारतीत खाण्याचे दोनशेहून अधिक स्टॉल आहेत, आणि एका रांगेत दीड तास उभे राहिल्यावर उरलेल्यांकडे पाहण्याचे बळ राहत नाही. मला अधिक काळजी वाटते ती वयोवृद्ध विक्रेत्यांची. आमच्या केंद्रात सत्तरीचे एक गृहस्थ पहाटे चारला येऊन माशाच्या लाडवांचे सूप करतात. त्यांची मुले कार्यालयांत नोकरी करतात आणि हे काम पुढे चालवणारे कोणी नाही. तारे मिळालेले स्टॉल राहतील. हे सूप किती दिवस राहील, हे सांगता येत नाही. म्हणून आधी तिथे जा.

पाटीपेन्सिल

खर्चाबद्दल एक सूचना. वातानुकूलित उपाहारगृहांत दराच्या पुढे दोन अधिक चिन्हे असतील, तर १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर ९ टक्के कर वेगळा लागतो. हॉकर सेंटरमध्ये फलकावर लिहिलेली रक्कम हीच देण्याची रक्कम असते.

सम्यक

उत्तरा यांनी सांगितल्याप्रमाणे शनिवारी पत्नीसह फॉर्च्यून सेंटरला जाऊन आलो. प्रत्येक पदार्थाबद्दल विचारले आणि दुकानातील बाईंनी न कंटाळता उत्तरे दिली. अंडे कशात आहे तेही स्वतःहून दाखवले. आमच्या घरी चातुर्मासात कांदा-लसूण नसतो, हे मी सांगितल्यावर त्यांनी आनंदाने मान डोलावली, कारण त्यांच्याकडे तो बाराही महिने नसतो. मांसाच्या आकाराचे जे पदार्थ होते ते आम्ही घेतले नाहीत, त्यांकडे पाहून मन घेत नाही. लेइ चा मात्र दोघांनीही संपवला. माझे मूळ मत मी मागे घेत नाही, शहर अन्य वाटांनीही कळते. तरी सहा वर्षे त्या रस्त्यावरून ये-जा करून ही इमारत मी पाहिली नव्हती, याची खंत वाटली.

रानजाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मेघश्याम यांचे ऐकून मी घराजवळचे केंद्र सोडले नाही. ज्या स्टॉलवर मुळ्याच्या वड्या घेतल्या होत्या, तिथेच पुन्हा गेले आणि चरबी न घालता, साध्या तेलात करून मिळेल का, असे आधी विचारले. त्या आंटींनी सकाळी साडेसातच्या आत, तवा तापवल्यानंतरचा पहिला घाणा माझ्यासाठी करण्याचे कबूल केले. मी पाहत उभी राहिले. किसलेला मुळा आणि तांदळाचे पीठ एकत्र करून, वाफवून, गार करून, मग वड्या कापून परततात. आपली कोथिंबीर वडी हुबेहूब याच क्रमाने होते. हे मी त्यांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले, तेव्हा कोथिंबिरीच्या इतक्या जुड्या एकाच पदार्थात घालतात यावर त्यांचा विश्वास बसेना. बुधवारी मी डब्यातून सहा वड्या नेऊन दिल्या. त्यांनी एक खाल्ली, एक शेजारच्या कॉफीवाल्या अंकलना दिली आणि उरलेल्या चार घरी नेण्यासाठी बांधून ठेवल्या.

पुढच्या शनिवारी तिथेच भेटावे असे सुचवते. कोणाला जमेल?

मेघश्याम

मी येईन. मात्र जाण्यापूर्वी प्रवेशद्वाराजवळची सूचना वाचून घ्या. दर तीन महिन्यांनी सफाईसाठी केंद्र बंद ठेवतात आणि तारखा तिथेच लावलेल्या असतात.

सम्यक

आम्हीही येऊ. मी तिथे काही खाईनच असे नाही, परंतु कोपी ओ घेईन.